जाऊबाईंचं ताट वेगळं का?

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही यावल तालुक्यातले. घरची केळी आणि कपाशी आहे. माझी धाकटी जाऊ 34 वर्षांची. जळगावला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. मागच्या दिवाळीत चकल्या पाडताना ती मान वर करून पाणी प्यायली, तेव्हा तिच्या गळ्याशी काहीतरी हललेलं मीच पाहिलं. सुईची तपासणी झाली, ऑपरेशन झालं, रिपोर्टवर थायरॉइडचा कॅन्सर, ‘पॅपिलरी’ प्रकार असं लिहिलं आहे. मग मुंबईला आयोडीनचा डोस दिला. त्याच्या आधी पंधरा दिवस तिला पाकिटातलं मीठ बंद केलं होतं. त्यावरून घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की या मिठानेच घात केला. आता आम्ही सैंधव मीठ आणतो. सासूबाई म्हणतात, रात्रीची जागरणं आणि मोबाइल. आमचे हे म्हणतात फवारणी, की सासरे चिडतात. डोसला साडेतीन महिने होऊन गेले तरी तिचं ताट, वाटी, तांब्या वेगळा आहे. तिच्या सहा वर्षांच्या मुलीला तिच्याजवळ झोपू देत नाहीत. ती कोणाला काही बोलत नाही, रात्री रडते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या कामामुळेच हे झालं का? आमच्या मुलींना होईल का? आम्ही सगळ्यांनी गळ्याची सोनोग्राफी करून घ्यावी का?
– एक भगिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळी जाऊबाईंचं ताट मांडणीवर बाकीच्या ताटांत ठेवा आणि त्यांच्या मुलीला त्यांच्या कुशीत झोपू द्या. त्यात काहीही धोका नाही. सासूबाईंना वाचून दाखवता यावं म्हणून कारणही सविस्तर लिहिते.

मुंबईला त्यांना जो डोस दिला तो किरणोत्सारी आयोडीनचा, आयोडीन-131 चा. थायरॉइडच्या, म्हणजे गळ्यातल्या त्या ग्रंथीच्या, पेशी आयोडीन ओढून घेतात म्हणून हा उपाय चालतो. ऑपरेशननंतर राहिलेल्या बारीकसारीक पेशी ते आयोडीन घेतात आणि आतूनच मरतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतेक आयोडीन लघवीवाटे निघून जातं, थोडं घामातून आणि लाळेतून जातं. म्हणून तेव्हा वेगळी खोली, वेगळी भांडी, लहान मुलं आणि गरोदर बाया लांब, असं सांगतात. ते पाळलंत, चांगलं केलंत. पण या आयोडीनचा जोर दर 8 दिवसांनी निम्मा होतो. सोळाव्या दिवशी पाव. 80 दिवस झाले की हजारावा भागसुद्धा उरत नाही, आणि हा हिशेब शरीराबाहेर काही गेलंच नाही असं धरून केलेला आहे. तुमच्याकडे शंभर दिवस उलटून गेलेत. आज जाऊबाईंच्या अंगातून कोणाला काही बाधण्यासारखं निघत नाही. आणि कॅन्सर तर ताटावाटीने, उष्ट्याने, जवळ झोपल्याने कधीच लागत नाही, पहिल्या दिवशीही नाही. एकच गोष्ट अजून पाळायची आहे. डोसनंतर निदान 6 महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. ते त्यांना मुंबईला सांगितलेलं असेलच.

आता मीठ. तुमच्या घरात झालेला हा गैरसमज मी पुष्कळ घरांत पाहिला आहे आणि तो होणं साहजिक आहे. डॉक्टरांनीच मीठ बंद केलं म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? आमच्यातला कोणी दोन मिनिटं बसून कारण सांगत नाही, हा दोष आमचा. ते मीठ अपायकारक म्हणून बंद केलं नव्हतं. डोसच्या आधी पेशींना आयोडीनची भूक लागावी, म्हणजे दिलेला डोस त्या अधाशीपणे ओढून घेतील, एवढ्यासाठी ते पंधरा दिवस उपाशी ठेवणं होतं. डोस झाला, सांगितलेली मुदत संपली, की पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ पुन्हा सुरू. जाऊबाईंनाही आणि तुम्हा सगळ्यांनाही.

हे मी जरा आग्रहाने लिहिते आहे. शिकत असताना साक्री तालुक्यातली एक आजी माझ्यापुढे येऊन बसली. पदर बाजूला केला तर लिंबाएवढी नाही, चांगली डाळिंबाएवढी गाठ. म्हणाली, “बाई, मना गयामा हाई काय शे?” (माझ्या गळ्यात हे काय आहे?) तीस वर्षं ती गाठ तिने पदराखाली झाकून नेली होती. तो कॅन्सर नव्हता, आयोडीनच्या कमतरतेचा गलगंड होता. डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन पावसाने धुऊन जातं, मग ते पिकात नाही, पाण्यात नाही. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम 1962 साली सुरू झाला तो यासाठी. आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतोच, शिवाय ‘फॉलिक्युलर’ प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरचं प्रमाणही अशा भागांत जास्त आढळतं. म्हणजे कॅन्सरच्या भीतीने आयोडीन टाकणं उलटंच आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर बाईला 250. सैंधवात मुद्दाम आयोडीन मिसळलेलं नसेल तर त्यात जवळजवळ काहीच नसतं, आणि घरात दोन वाढत्या मुली आहेत.

गावातल्या आशाताईंकडे मीठ तपासायची छोटी बाटली असते. त्यांना घरी बोलवा. एका बशीत तुमचं सैंधव चमचाभर घ्या, शेजारी पाकिटातलं चमचाभर, दोन्हींवर एकेक थेंब टाकायला सांगा. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शिबिरात आम्ही हे बायकांसमोर केलं होतं. पाकिटातल्या मिठावर थेंब पडला तिथे शाईसारखा निळाजांभळा डाग उमटला, आणि जाड्या खड्यांवर थेंब नुसता ओला होऊन बसला. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने झालं नव्हतं ते त्या डागाने झालं. आणि मिठाची बरणी चुलीशेजारी उघडी ठेवू नका, फोडणीबरोबर मीठ न घालता भाजी शिजत आल्यावर घाला. उष्णतेने आणि ओलाव्याने आयोडीन उडतं.

आता तुमचा खरा प्रश्न, काम आणि राहणी. तुमच्या पत्रात जो तो आपापला गुन्हेगार धरून बसला आहे. त्यातली एकही गोष्ट जाऊबाईंच्या गाठीचं कारण म्हणून सिद्ध झालेली नाही.

रात्रपाळीबद्दल कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 साली ‘बहुधा कर्करोगकारक’ असा निर्वाळा दिला आहे, हे खरं. पण त्यामागचा पुरावा मुख्यतः स्तन, आतडं आणि प्रोस्टेट यांच्या कॅन्सरचा आहे. थायरॉइडच्या बाबतीत अभ्यासांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. रात्रपाळीने झोप मोडते, वजन वाढतं, साखर बिघडते, आणि तेवढ्याकरता तिचा विचार जरूर करावा. पण ‘तू नोकरी केलीस म्हणून झालं’ हे वाक्य कोणी त्या घरात उच्चारत असेल तर ते शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. थायरॉइडचा कॅन्सर बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतो. दिवसा कामाला जाणाऱ्या, कधी कामालाच न गेलेल्या, शेतात राबणाऱ्या, अशा सगळ्या प्रकारच्या बाया माझ्याकडे येतात.

मोबाइलच्या लहरींना पेशीतल्या गुणसूत्रांना तोडण्याइतका जोर नसतो. 2011 साली त्याच संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या यादीत घातलं ते मेंदूच्या गाठींच्या संशयावरून, आणि तेही तुटपुंज्या पुराव्यावर. गळ्याचा त्यात संबंध नव्हता.

फवारणीबद्दल मात्र मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण इथे तुमचे मालक आणि सासरे दोघेही थोडे बरोबर आहेत. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांतल्या फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि त्यांच्या बायकांचा 1993 पासून मोठा अभ्यास चालू आहे. त्यात एखाददुसऱ्या औषधाचा, उदाहरणार्थ लिंडेन आणि मेटॅलॅक्झिलचा, थायरॉइड कॅन्सरशी संबंध दिसला. बहुतेक औषधांचा दिसला नाही. मेटॅलॅक्झिल आपल्याकडे बाजरीच्या बियाण्याला चोळतात, केवडा रोग पडू नये म्हणून. संबंध दिसला याचा अर्थ कारण ठरलं असा नाही. एवढ्यावरून तुमच्या केळीच्या बागेला दोषी धरता येणार नाही. पण सासऱ्यांना हेही सांगा की फवारणीचा धोका कॅन्सरसाठी थांबून राहत नाही. 2017 मध्ये यवतमाळात कपाशी फवारताना वीसहून जास्त माणसं विषबाधेने गेली. माझ्याकडे गळ्याची आणि श्वासाची तक्रार घेऊन येणारा फवारणीवाला गडी बहुतेक वेळा उघड्या अंगाने, तोंडाला रुमाल बांधून, वाऱ्याच्या तोंडावर चालत फवारून आलेला असतो. पाठीवरचा पंप गळून बनियन ओलं झालेलं असतं आणि तेच बनियन घरी त्याची बायको हाताने धुते. हे थांबवा. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, वाऱ्याला पाठ, आणि फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत. चोळलेलं रंगीत बियाणं हाताने पेरलं तर भाकरीला हात लावायच्या आधी साबणाने धुवा. हे करायला पक्क्या पुराव्याची वाट पाहायची गरज नाही.

राहणीतली एकच गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल पुरावा पुरेसा मानला गेला आहे, आणि ती तुमच्या घरात कोणी बोललं नाही. ती म्हणजे वाढलेलं वजन. रात्रपाळीबद्दल निर्वाळा देणाऱ्या त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने 2016 साली लठ्ठपणाशी नातं असलेल्या 13 कॅन्सरांची यादी केली, तिच्यात थायरॉइड आहे. हे नातं फार मोठं नाही. वजन वाढलं म्हणजे गाठ होणारच असं मुळीच नाही आणि सडपातळ बायांनाही हा कॅन्सर होतो. पण बदलता येण्यासारखं काही असेल तर ते हे आहे. कळण्याची भाकरी, भरीत, पालेभाजी हे आपलं रोजचं जेवण चांगलंच आहे. त्यावर रोज संध्याकाळी तेलाचा तवंग आलेली शेवभाजी आणि दिवसभर बसणं, हे वाढलं आहे. थायरॉइडला वाईट म्हणून कोबी, मुळा, सोयाबीन, बाजरी सोडू नका. मिठात आयोडीन असेल तर नेहमीच्या खाण्यातल्या या गोष्टींची काळजी करायचं कारण नाही.

आणि आता जे खात्रीने माहीत आहे ते. लहानपणी गळ्यावर पडलेले किरण. 26 एप्रिल 1986 ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा जाऊबाईंना औषध म्हणून दिलं तेच आयोडीन-131 हवेत पसरलं, गवतावर बसलं, गाईंनी खाल्लं आणि दुधातून लेकरांच्या गळ्यात गेलं. 2005 पर्यंत तिथे, त्या वेळी 18 वर्षांखालच्या असलेल्यांमध्ये, थायरॉइड कॅन्सरच्या 6000 हून जास्त नोंदी झाल्या. त्या भागातल्या मातीतही आयोडीन कमी होतं. उपाशी ग्रंथींनी ते विषारी आयोडीन जास्त ओढलं. मिठाचा माझा आग्रह तुम्हाला आता जास्त पटेल. त्याच्याही आधी, 1940-50 च्या सुमाराला, काही देशांत मुलांच्या टॉन्सिलवर, डोक्यातल्या गजकर्णावर किरणांचा उपचार करत, त्या मुलांनाही मोठेपणी हा कॅन्सर जास्त झाला. मोठ्या माणसाची ग्रंथी याबाबतीत बरीच कणखर असते. म्हणून तुम्हा दोघींच्या मुलींसाठी एवढंच लक्षात ठेवा. पडलं-आपटलं की ‘एकदा सिटीस्कॅन करून टाकू’ असं आपण होऊन म्हणायचं नाही. डॉक्टर गरज आहे म्हणाले तर जरूर करा. छातीचा किंवा हाताचा साधा एक्स-रे अगदी थोड्या किरणांत होतो, त्याची भीती नको.

मुलींना होईल का? तुमच्या मुलीचं आणि तिच्या काकूचं रक्ताचं नातंच नाही, तिचा प्रश्न मिटला. जाऊबाईंच्या मुलीसाठी रिपोर्टवरचा ‘पॅपिलरी’ हा शब्द महत्त्वाचा. हा सगळ्यांत जास्त आढळणारा आणि बहुतेक वेळा पूर्ण बरा होणारा प्रकार, आणि तो सहसा आईकडून लेकीकडे जात नाही. कुटुंबात दोघा-तिघांना झाला असेल तर गोष्ट वेगळी. ‘मेड्युलरी’ असता तर मी लगेच जनुकाची तपासणी सांगितली असती, कारण त्यातले सुमारे चौथा हिस्सा रुग्ण आनुवंशिक असतात. तसं नाही, म्हणून जाऊबाईंच्या मुलीची मान वर्षातून एकदा डॉक्टरांनी हाताने तपासावी, बस.

आणि सगळ्यांनी सोनोग्राफी? नको. तुम्ही जशी गाठ पाहिलीत, तसंच पाहा. आरशासमोर मान थोडी मागे, घोटभर पाणी, आणि गिळताना कंठमण्याच्या खाली काही वर-खाली होतं का. गाठ वाढते आहे, कडक लागते आहे, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला आहे, घास अडकतो आहे, मानेच्या बाजूला गाठी आहेत, असं काही असेल त्याने यावं.

जाऊबाईंना माझा निरोप द्या. थायरॉक्सिनची, म्हणजे ग्रंथीच्या जागी घ्यायची, गोळी रोज ठरलेल्या वेळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तास जाऊ द्यायचे. रात्रपाळीवरून आलं तरी वेळ तीच. आणि रक्ताची तपासणी ठीक आली, डॉक्टर हो म्हणाले, की कामावर जायला काहीच हरकत नाही. रात्रपाळीलाही.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यात एका दवाखान्यात सहा वर्षं एक्स-रे काढतो. एकच शिशाचं ॲप्रन आहे, मधून तडे गेलेलं. गळ्याची पट्टी नाही. छातीला लावायचा किरण मोजणारा बॅज आहे पण तो ड्रॉवरमध्ये असतो. लहान मुलं हलतात म्हणून मीच धरतो. माझ्या थायरॉइडला धोका आहे का?
– एक तंत्रज्ञ

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला माझे निवासी डॉक्टरचे दिवस आठवले. मी शिकले तिथेही गळ्याची पट्टी कपाटात कुलूपबंद असायची, आणि मागायला आम्हाला संकोच वाटायचा. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही संकोच करू नका.

आजच्या यंत्रांवर, नीट काळजी घेऊन काम करणाऱ्याला धोका फार थोडा आहे. अमेरिकेतल्या क्ष-किरण तंत्रज्ञांच्या मोठ्या अभ्यासात थायरॉइड कॅन्सर जास्त दिसला तो मुख्यतः 1950 च्या आधीपासून काम करणाऱ्यांत, आणि रुग्णांना वारंवार हाताने धरणाऱ्यांत. दुसरी गोष्ट तुम्ही आजही करता आहात. ती उद्यापासून बंद. मूल त्याच्या आईने किंवा बापाने धरावं, ॲप्रन घालून. ते वर्षातून एकदा धरतील, तुम्ही दिवसातून पाचदा धरता. आई गरोदर असेल तर बापाने. स्विच दाबताना पडद्याआड, आणि वॉर्डात फिरतं मशीन नेलं तर शक्य तितकं लांब. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलात की किरण चौथाई होतात.

बॅज ड्रॉवरमध्ये असेल तर तो ड्रॉवरचा डोस मोजतो आहे. ॲप्रनच्या आत छातीवर लावा आणि दर तीन महिन्यांनी त्याचा येणारा अहवाल स्वतः मागून वाचा. वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसचं माप) ही मर्यादा आहे. साध्या एक्स-रे विभागात आकडा त्याच्या खूप खाली असायला हवा. तडे गेलेलं ॲप्रन घडी घालून ठेवल्याने तसं होतं. ते टेबलावर पसरून त्याचाच एक्स-रे काढा, तडे काळे दिसतील. ती फिल्म आणि गळ्याच्या पट्टीची मागणी एका कागदावर लिहून मालकांना द्या, पोच घ्या. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यातच ही साधनं देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तुम्ही उपकार मागत नाही आहात. तुमच्या गळ्याला गाठ नाही, त्रास नाही, तर तपासण्या नकोत.

प्रश्न : वय 46, शहाद्याला शिक्षिका. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये थायरॉइडला 5 मिलिमीटरची गाठ निघाली. मला काहीच त्रास नव्हता. तेव्हापासून झोप नाही. काढून टाकू का?

उत्तर : नका काढू, बाई. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टप्रमाणे गाठीचे काठ गुळगुळीत आहेत, चुन्याचे ठिपके नाहीत, मानेत दुसऱ्या गाठी नाहीत. अशा 5 मिलिमीटरच्या गाठीत सुईसुद्धा घालत नाहीत. सोनोग्राफी केली तर जवळजवळ निम्म्या मोठ्या माणसांत काही ना काही गाठ निघते. फिनलंडमध्ये 1985 साली दुसऱ्याच कारणांनी गेलेल्या माणसांच्या ग्रंथी बारीक कापून पाहिल्या, तर दर तिघांत एकाच्या ग्रंथीत बारीकसा पॅपिलरी कॅन्सर होता. जन्मभर त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

दक्षिण कोरियात 1999 नंतर अशीच पॅकेजं निघाली, इतर तपासण्यांबरोबर थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफी. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान 1993 च्या पंधरापट झालं. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. आणि या कॅन्सरने मरणाऱ्यांचा आकडा होता तिथेच राहिला. 2014 मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा ऑपरेशनं एकदम कमी झाली. म्हणून लक्षण नसताना गळ्याची सोनोग्राफी करू नये, असं मी सांगते.

तुमची झालीच आहे, तर एका वर्षाने पुन्हा एकदा करा, शक्यतो त्याच सेंटरला, आणि हा आत्ताचा रिपोर्ट फिल्मसकट सोबत न्या. मधल्या काळात गाठ हाताला लागायला लागली किंवा आवाज बसला तर आधी या. तुमची शाळा सकाळची आहे असं लिहिलंय. जळगावला यायचं झालं तर शनिवारी दुपारी या, मी त्या वेळी असते.